लाल दुपंखी

(रिमोटवर उडणाऱ्या खेळण्यातल्या विमानांचं दुकान.)

बायको : हे विमान नाही हो, ते. काचेतलं. लाल, दोन मजली.

विमानवाला : काकू, ते दुपंखी आहे. शिकणाऱ्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये. हे बघा, हे एका पंखाचं. पंख वर, पोट खाली, सगळं फोमचं. नुसतं सोडून दिलं तरी आपलं आपण सरळ होतं. आपटलं तर डिंक लावायचा आणि पुन्हा उडवायचं.

बायको : आणि त्या लालला काय धाड भरलीय?

विमानवाला : धाड कसली? उडतं छान, सावकाश, डौलात. पण दोन पंख म्हणजे वाऱ्याला आडही दुप्पट येतात. शिवाय पंखांच्या मधे या तारेच्या काड्या. मोटर बंद केली की ते तरंगत नाही, पोतं टाकल्यासारखं खाली येतं. त्यामुळे उतरवताना मोटर शेवटपर्यंत थोडी चालू ठेवावी लागते. नवा माणूस घाबरतो आणि नेमकी तीच बंद करतो. कोण उडवणार, काका का?

बायको : अहो, तुम्हाला विचारतायत.

घड्याळजी : कोणीही उडवू दे.

बायको : यांचा डावा हात गेलाय. म्हणजे आहे जागच्या जागी, हलतोही, पण त्याला कळत काही नाही. पक्षाघाताचा झटका येऊन गेला ना. पलीकडच्या गल्लीतलं घड्याळांचं दुकान आमचंच.

विमानवाला : ते तुमचं होय? म्हणून बंद दिसतं हल्ली. आमच्या वडिलांचं जुनं घड्याळ काकांनीच जिवंत केलं होतं. सगळ्यांनी हात टेकले होते.

बायको : रोज कुलूप लावून घरी येताना या काचेपुढे थांबायचे. इकडे माझं जेवण निवून जायचं. विचारलं तर म्हणायचे, काही नाही, विमान बघत होतो. अहो, सांगा ना, एका पंखाचं घेऊ की दोन पंखांचं?

घड्याळजी : कुठलंही चालेल.

बायको : पण तुमच्या मनात कुठलं आहे?

घड्याळजी : मनात काही नाही.

बायको : ऐकलंत? उठल्यापासून झोपेपर्यंत हेच. ऊन आलं, चालेल. पाहुणे आले, चालेल. घरातल्या एकाही घड्याळाला किल्ली देत नाहीत. घड्याळजीची बायको मी, आणि वेळ मोबाईलवर बघते. परवा तर यांच्या चहात मुद्दाम साखरेऐवजी मीठ घातलं. शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, आणि वर म्हणाले, छान झाला.

घड्याळजी : खारट होता.

बायको : मग बोलला का नाहीत?

घड्याळजी : बोलून काय करायचं?

बायको : घ्या! आणि उद्या तो चष्मेवाला येतोय, दुकान विकत घ्यायला. लेक म्हणते, आई, बाबा चालेल म्हणालेत, आता तू कशाला घोळ घालतेस? अहो, जो माणूस मिठाच्या चहाला चालेल म्हणतो, त्याच्या होकारावर मी त्याचं दुकान विकू? जन्म गेला त्याचा तिथं. मला यांच्या तोंडून एकदा खरं उत्तर हवंय. हो तर हो, नाही तर नाही. पण आतून आलेलं.

विमानवाला : ते खरं. पण त्यात विमान काय करणार, काकू?

बायको : डॉक्टर झाले. व्यायाम शिकवणारी बाई झाली. लेकीचं रडून झालं, माझं भांडून झालं. आता बुडत्याला काडीचा आधार, तुमच्याकडे निदान तारेची तरी आहे. ते लालच द्या. उडवीन मी.

विमानवाला : तुम्ही? आधी काही चालवलंय?

बायको : शिवणयंत्र. पायानं वेग, हातानं दिशा. तुमच्या विमानाला पाय तरी लागत नाहीत.

विमानवाला : बरं बाई. मग आत्ताच चला मागच्या मैदानावर, वाराही पडलाय. मात्र एक अट. वर मी नेणार आणि खाली मीच आणणार. मधलं तेवढं तुमचं. काका, मागच्या पायऱ्या उतरून यायला जमेल?

घड्याळजी : चालेल.

(दुकानामागचं मोकळं मैदान. घड्याळजी घडीच्या स्टुलावर बसलेले. बायको आणि विमानवाला त्यांच्या शेजारीच उभे.)

विमानवाला : चढलं. घ्या रिमोट. डावी दांडी मोटरची, तिला सारखं छेडायचं नाही. उजवीनं वळवायचं. बास, आज एवढंच.

बायको : अगं बाई! आता माझ्या हातात आहे?

विमानवाला : तुमच्याच. घ्या डावीकडे. आणखी हलक्या हातानं... अस्सं.

बायको : अहो, बघताय ना?

घड्याळजी : बघतोय.

बायको : कसं दिसतंय?

घड्याळजी : लाल.

बायको : लाल! चष्मा लावून बसलेत आणि सांगतात काय, तर लाल.

विमानवाला : काकू, इकडे लक्ष द्या. आता ते आपल्याकडे तोंड करून येणार. त्याचं उजवं ते आपलं डावं. इथंच सगळे फसतात.

बायको : मग मी कोणाचं उजवं धरू?

विमानवाला : कोणाचंच नको. जो पंख खाली झुकलेला दिसेल त्या बाजूला दांडी ढकला. पडत्याला टेकू दिल्यासारखी.

बायको : टेकू... हा दिला टेकू. झालं की सरळ!

विमानवाला : वा! पहिल्या दिवशी हे जमत नाही कुणाला. आता बॅटरी उतरत आलीय. द्या, खाली आणतो.

बायको : थांबा हो, जमतंय मला. सरळ तर येतंय. ये बाळा, ये... अहो, हे केवढं अंगावर येतंय!

विमानवाला : येऊ दे, येऊ दे. मोटर तेवढी सोडू नका...

बायको : बंद करते, बंद करते मी!

घड्याळजी : बंद नको करू! अगं नको! हात काढ तिथला, सोड ती दांडी! शेवटपर्यंत चालू ठेवायची म्हणून सांगितलं होतं ना त्यांनी? कान कुठे असतात तुझे?

विमानवाला : टेकलं! एक उडी मारली... कोलांटी खाल्ली... पण टेकलं. काका, तुम्ही उठलात कधी? मोटर तुम्ही वाढवलीत?

घड्याळजी : ही बंद करत होती.

विमानवाला : थांबा, मी घेऊन येतो.

बायको : अहो, तुम्ही ओरडलात माझ्यावर.

घड्याळजी : हं.

बायको : राग आला?

घड्याळजी : आला. गेलाही.

बायको : इतक्यात? ठेवायचा होता की जरा वेळ.

घड्याळजी : राहत नाही काही. काचेपलीकडून आल्यासारखं ऐकू येतं सगळं.

विमानवाला : फार नाही लागलं त्याला. चाक वाकलंय, आणि पंखांमधली एक काडी निसटलीय. दुकानात नेऊन बसवतो.

घड्याळजी : आणा इकडे.

बायको : मी धरू का पंख?

घड्याळजी : नको. डाव्यानं धरतो. पकड आहे त्याला. काडी फक्त या भोकात दाबायची... बसत कशी नाही? अडकतेय कशाला तरी.

बायको : अहो, रक्त.

घड्याळजी : कुठे?

बायको : बोटाला! दाबू नका, तार बोटात घुसलीय तुमच्या! काढा आधी, काढा!

घड्याळजी : ही होय.

बायको : दुखत नाही?

घड्याळजी : नाही. कळलंच नाही.

विमानवाला : पट्टी आहे दुकानात. आलोच.

बायको : द्या इकडे हात. घट्ट धरते रुमालानं.

घड्याळजी : चिमटा या हातात असायचा. भिंगाखाली केसाएवढी स्प्रिंग धरली की बोटातली नाडी जाणवायची, ती शांत होईपर्यंत श्वास रोखून बसायचो. आता तार घुसली तरी पत्ता नाही.

बायको : उजवा आहे की धडधाकट.

घड्याळजी : उजव्यानं पेचकस फिरवायचा. एकट्या उजव्यानं घड्याळ नुसतं बघता येतं.

बायको : शिकाल हळूहळू.

घड्याळजी : नाही. तू आता ते म्हणू नकोस. उद्या चष्मेवाल्याला हो सांग.

बायको : हे तुमचं नेहमीचंच ना?

घड्याळजी : नेहमीचं नाही. मला नकोय विकायला. अजिबात नकोय. पण विकायला पाहिजे.

बायको : अहो...

घड्याळजी : वाईट वाटतंय गं मला. फार वाईट वाटतंय.

विमानवाला : ही घ्या पट्टी. अरे, काका! काय झालं? दुखायला लागलं का?

बायको : हो, दुखतंय त्यांना. बसू दे इथंच थोडा वेळ.