चाचणीपुरती ओळ

– नाही, मी काढणार नाही ती ओळ. आधी बस. आणि जरा हळू बोल, शेजारच्या खोलीत धाकटा भाऊ झोपलाय. तुम्हा नव्या लोकांना साफसफाईचं भारी वेड – दिसलं जुनं की फेक बाहेर. तू काय म्हणणार ते माहितीय मला – आपलं पायथनचं पॅकेज, म्हणजे आपला प्रोग्रॅम, चालायला त्या ओळीत मागितलेलं टूल लागतच नाही, ते फक्त चाचण्यांपुरतं, मग पॅकेज बांधताना सगळ्यांनी ते का उतरवून घ्यायचं? त्यात नव्या पायथनवर ते टूलच मोडतं, म्हणून आपलं धडधाकट पॅकेज जुन्या पायथनवरच अडकून पडलंय, नव्यावर लोकांना मिळतच नाही. अगं, पॅकेजं बांधण्यात माझे केस पिकले, मला शिकवतेस?

थांब, बोलू दे मला. ते टूल धाकट्याने लिहिलंय, ठाऊक आहे? आपला प्रोग्रॅम औषधांच्या वेळा सांगतो – आता रात्री बाराचा गजर वाजतो का हे तपासायला बारापर्यंत जागत बसायचं का? तर याने चाचणीपुरतं घड्याळच थांबवून दाखवलं. हव्या त्या वेळेवर थांबवा. तेव्हा किती जण वापरायचे ते. मोठमोठ्या कंपन्यांनी फुकट वापरलं, आणि याला झटका आला, उजवी बाजू गेली, तेव्हा एकानेही विचारलं नाही की बाबा, आहेस का. मग एकेक जण गळत गेला. टूलच्या पानावर आकडा असतो ना, किती पॅकेजांना ते लागतं त्याचा – आता तिथे एक आहे. ते एक म्हणजे आपण. रोज सकाळी चहाच्या आधी तो ते पान उघडतो, डाव्या हाताने. मग चहा घेता घेता मला सांगतो, "दादा, एक आहे अजून." आजही म्हणाला. मी म्हणतो, असणारच.

काय? चाचण्यांमध्ये कुठे वापरलंय ते दाखवू?

नाही वापरलेलं. कुठेच नाही. पायथनमध्येच आता तेवढी सोय आहे – मीच बदलून टाकलं मागे, नुसती ओळ तेवढी ठेवली. मग? एका ओळीने कुणाचं काय – हो, अडतं, लोकांच्या औषधांच्या वेळा अडतात, मला कळत नाही असं वाटतं तुला? पण ती काढली की तिथे शून्य येणार, आणि उद्या सकाळी त्याच्यासमोर मी बसायचंय, तू नाही. मुळात तुला ओळ काढायचा हा बदल पाठवायला सांगितलं कोणी – तू नाही पाठवलास? मग? दाखव. चष्मा कुठे गेला – वाच तूच. नको, दे इकडे.

"हे टूल कुठेच वापरलेलं नाही. ओळ काढून टाकावी. दादा काढणार नाही. त्याला विचारू नका."

विचारू नका म्हटलंय, तरी आलीस. बरं केलंस.

कधीचं आहे हे? आज सकाळचं. चहाच्या आधीचं.

घे तुझा लॅपटॉप. कर मंजूर, खाली माझं नाव टाक. आणि जाताना दार हळू लाव – झोपलेला नसणार तो.