आईने पाद्र्यांना फोन केला

यार, अमेरिकन नेव्हीत एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. जहाजावरचे ख्रिश्चन पाद्री, म्हणजे चॅप्लेन, स्वतः तुम्हाला शोधत आले की समजायचं, घरी कुणीतरी गेलं. आमचं जहाज सॅन डिएगोच्या बंदरात होतं. मी जेवत होते आणि ते थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिले. शेजारच्या मुलीने माझा हात घट्ट धरला.

"तुझ्या आईबद्दल बोलायचंय," ते म्हणाले.

हातातला घास मी ताटात ठेवला.

"त्या विचारतायत, तू फोन का करत नाहीस?"

रडावं की ओरडावं, तेच कळेना. तरातरा बाहेर जाऊन घरी, पार्सिपनीला फोन लावला.

"अगं आई, असल्या कामाला पाद्र्यांना लावतं का कुणी? आणि आपण बौद्ध!"

"मग काय करू? तू फोन उचलत नाहीस. त्यांनी लगेच उचलला. माझ्या गुडघ्याचंसुद्धा विचारलं, अर्धा तास बोलले."

"अर्धा तास?"

"हो. आणि मी शिकवल्यावर ठेवताना 'जय भीम' म्हणाले. तू नुसतं 'बाय' म्हणतेस."