नवरदेवाची दाढी

—तर हलू नकोस रकान, एवढंच सांगत होतो. काही बोलायचं असेल तर मान हलवून सांग— नाही, मानही नको. गालावर वस्तरा असताना नवरदेवानं गप्प बसावं, लग्नानंतर तशीही सवय लागणारच आहे. बाहेर तुझे मित्र बघ कसे टाळ्या पिटतायत, घसे फोडून गातायत. आज आख्ख्या सल्ट गावात तुझ्याएवढा सुखी कोणी नसेल— मी सोडून. सकाळपासून नुसतं हसू येतंय मला. बायको म्हणाली, नौफल, लग्न तुझं आहे की काय? म्हटलं, हो, या हाताचं आहे. बघ ना हात. डोळ्यांनी बघ, मान कशाला वळवतोस!

इथे कोपराखाली खड्डा होता, आठवतोय? गाडी उलटली तेव्हा मांस रस्त्यावरच राहिलं, हाडावर नुसती कातडी डकवली होती. कंगवासुद्धा धरवत नव्हता. न्हाव्याचा उजवा हात गेला म्हणजे राहिलं काय— गप्पा. त्या मारायचो गल्ल्यावर बसून. मग अम्मानला त्या डॉक्टर लमीस भेटल्या. मांडीतून हरभऱ्याएवढं मांस काढलं, त्यातल्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवल्या, वाफ्यात मेथी पेरावी तशा एका जाळीवर पेरल्या आणि जाळी इथे आत बसवली. धरलं की रे मांस! माझंच, कुणाचं उसनं नाही. मेहुणा म्हणतो, मांडीचं आहे, एक दिवस हात चालायला लागेल. म्हटलं, लागू दे, पहिला तुझ्याच घरी जेवायला पाठवतो— आता हा गाल. हात थरथरला? छे, हसलो म्हणून हलला. अगदी नव्यासारखा आहे हात. नवाच आहे म्हण ना. नवा म्हणून जरा लवकर दमतो, लहान मूल नाही का चार पावलं टाकतं आणि फतकल मारतं, तसं.

आता त्या दिवशीचं बघ— तू अम्मानला सूट आणायला गेला होतास, म्हणून खरं काय झालं ते तुला माहीत नाही. मी तुझ्या वडिलांकडे आलो होतो तो फक्त मुबारक करायला. दिवाणखाना भरलेला, तुझे काका, मामा, सगळे. कॉफी आली. एवढासा पेला, तळाला घोटभर कॉफी— पण सकाळी मी हाताचा व्यायाम जरा जास्तच केला होता, बोटं सुटायला लागली. तुमच्या गालिच्यावर सांडण्यापेक्षा बरा, म्हणून पेला तसाच खाली ठेवला. ठेवला आणि जीभ चावली. पाहुण्यानं न पिता पेला खाली ठेवला की त्याचं काही मागणं आहे, ते मान्य झाल्याशिवाय तो कॉफीला तोंड लावणार नाही— हे आपल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तुझे वडील म्हणाले, "नौफल, कॉफी पी. जे मागायला आलास ते दिलं." आता काय बोलू? काही नको म्हणावं, तर भरल्या बैठकीत त्यांचा शब्द पडतो. तोंडातून निघून गेलं, "रकानची लग्नाची दाढी मी करणार."

बापाचा चेहरा असा उतरला तुझ्या! पण शब्द दिलेला, करतात काय? काका तर माझ्याकडे बघेचनात. पण खरं सांगू, दुसरं काही सुचलंच नाही मला. इतके दिवस दुसरं काही मनातच नव्हतं रे. त्या दिवसापासून फुगे आणून बसलो, फेस लावायचा, वस्तऱ्यानं काढायचा. बरेचसे फुगे वाचले. डॉक्टरीणबाईंनी अजून कंगव्याचीच परवानगी दिलीय, वस्तऱ्याचं मी विचारलंच नाही, विचारून नाही म्हणाल्या तर— अरे, अरे, बस खाली! अर्ध्या दाढीनं कुठे निघालास? बस. हो, तूच पहिला. हा हात झाल्यापासून जिवंत माणूस तूच पहिला. सांगणार नव्हतो, हसता हसता तोंडातून गेलं.

ऐक. गळा राहिलाय. आणि हात दमलाय, आता खोटं नाही बोलत. दुकान सांभाळतो तो शुक्री बाहेरच उभा आहे, उरलेली तो करेल. शब्द पाळला गेला, तुझ्या वडिलांकडे कोणी बोट दाखवणार नाही. मी मात्र मग पुन्हा वस्तरा धरणार नाही, मला माहीत आहे मी कसा आहे ते. पण त्याचं तू मनावर घेऊ नकोस. लग्न तुझं आहे, गळा तुझा आहे. चिरलेला गळा घेऊन बायकोपुढे कोण जाईल? बोल, मारू शुक्रीला हाक?

हे काय? मान वर का केलीस?

रकान, डोळे कशाला मिटलेस रे?

बरं. बरं बाबा. आता मी बोलत नाही.

—

झालं.

हात फिरवून बघ. टॉवेल पांढराच आहे, मी आधी तोच बघितला. ऊठ आता, जा, बाहेर लोक खोळंबलेत. माझ्याकडे काय बघत बसलास, नवरदेव आहेस की नाही? जा म्हणतो ना. आणि बाहेर दाढी वाढलेला जो कोणी दिसेल, त्याला आत पाठव.