बोनट उघडंच राह्यलं

जुन्या गाडीचा एसी काऊन आवाज करते हे पाहाचं असन, तं घरी पाहा भाऊ, जंगलात नोको. चामोर्शीवरून येताना मूलच्या जंगलात आमचा एसी पिठाच्या चक्कीवानी खडखडाले लागला. बायको वैतागली. मी भर दुपारी उतरलो, बोनट उघडलं, कान लावला अन् म्हटलं, "बंद कर एसी."

तिनं बंद केला. खडखड थांबली.

"कम्प्रेसरच होय!" मी खुशीत ओरडलो.

तेवढ्यात डोक्यावरच्या झाडात माकड खेकसलं. वाघ दिसला का खेकसते, तसंच. मी बोनट तसंच टाकून गाडीत शिरलो. उघड्या बोनटानं समोरचं काईच दिसे ना.

बायको हळूच म्हणे, "एसी लावा. तो आवाज निदान आपला तं हाये."