दुखणं मपलं, खाटंवर ती

मी मूळचा चकलांब्याचा. बाप उन्हात उसतोडीला जायचा, आन मला लाइटीच्या सबस्टेशनात आपरेटरची नोकरी लागली तं समदं गाव म्हनलं, पोरगं सावलीत बसलं. सावली कसली, दिवसरात टान्सफार्मर घूं घूं करायचा, घरी येऊन निजलं तरी कानात तेच. उमर गेली त्यात, आन मंग छातीत गाठ आली. बायको म्हनली दाखवा, मी म्हनलं दाखवतो, आन ऱ्हायलं.

शेवटी बायकोला संग घेऊन शहरातल्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हनले, हा स्तनाचा कॅन्सर हाय. मी म्हनलं साहेब, तो तं बायांचा रोग. ते म्हनले गड्याला बी होतो, कमी होतो पर होतो. मी पुसलं, मंग करंटाजवळ बसून झाला का, तं म्हनले लई जनांनी तपासलंय, पक्कं कुनालाच सांगता येत न्हाई. काय सांगू तुमाला, हो म्हनले असते तं त्या तारांला शिव्या तरी दिल्या असत्या.

तिथं रांगंत समद्या बाया, मी एकटा गडी. त्यात आमच्या गल्लीतली एक जन निघाली, बायकोला म्हनली, तुला काय झालं गं सुमन. सुमननं मपल्याकडं पाह्यलं बी न्हाई, म्हनली छातीत गाठ हाय. मपली लाज झाकली तिनं, आन गावात तेच पोचलं, सुमनला कॅन्सर झाला. आपरेशन मपलं, आन बाया बिस्किटाचे पुडे घेऊन तिला भेटायला. ती चादर घेऊन खाटंवर पडायची आन मी, सदऱ्याखाली टाके, चहा करून द्यायचो. बाया म्हनायच्या, नवरा लई करतो गं तुजं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पर खरं बोलायची लाज त्याहून जास्त.

मागच्या हप्त्यात माझ्यासंग ड्यूटी करनारा बबन आला, वहिनीची तब्येत पुसायला. बोलता बोलता छाती चोळत म्हनला, मला बी हितं गाठीवानी लागतंय, पर आपल्याला थोडंच तसलं होतंय. सुमन खाटंवर उठून बसली. मी चहाचा कप खाली ठिवला आन सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या. आपरेशनचा वण बबनला दाखवला. मी म्हनलं, दुखणं मपलं हाय बे, उद्या चल माझ्यासंग.

गेलो. त्याचा रिपोट यायचाय आजून, देव करो साधीच गाठ निघो. गावाला कळलं, हसायचे ते हसले. मला कट्टाळा आलाय आता, लपवायचा बी आन सांगायचा बी. खाटंवर मीच पडतो, आन चहा ती करती.