अठ्ठ्याऐंशीवी ओळ

सही ना? करते की, पळून कुठे जातेय मी – पण आधी वाचू तर द्या. ‘किरकोळ तांत्रिक बिघाड. कोणत्याही रुग्णाचे नुकसान झालेले नाही. यासंबंधी कोणतीही नोंद उपलब्ध नाही.’ वा! काय भाषा आहे हो साहेब, मुख्य कार्यालयात सगळेच असं लिहितात की तुमचाच हात वळलाय? नाही, चेष्टा नाही करत. बसा. ते स्टूल ओढून घ्या, खुर्चीवर मी आहे आणि मी उठणार नाहीये. गार वाटतंय? वाटणारच. इथला गारवा यंत्रांसाठी असतो, माणसांसाठी नाही – एकोणीस वर्षं या खोलीत स्वेटर घालून बसतेय मी, बाहेर लोकांना घामाच्या धारा आणि मी आपली लोकरीत. डोळ्यांचं एवढं मोठं हॉस्पिटल, पण वरपासून खालपर्यंत कुणालाही विचारा, सर्व्हर कोण सांभाळतं, तर म्हणतील स्वेटरबाई. तुमच्या कागदावर माझं खरं नाव टाकलंय ना, ते वाचून कुणाला पत्ताही लागायचा नाही.

तर, ‘नोंद उपलब्ध नाही.’ अहो, आहे की! ही काय, तुमच्या नाकासमोर, पडद्यावर – हे एवढं लांबलचक पसरलंय ते काय आहे? ही लॉग फाईल, सर्व्हरच्या चुकांची नोंदवही. ती पुसा असं तुम्ही म्हणाला नाहीत, मला माहितीये, तुम्ही शहाणे आहात, तुम्ही म्हणालात, ‘उद्या तपासणी समिती यायच्या आत जरा साफसफाई करून घ्या.’ साफसफाई! एकोणीस वर्षांत या खोलीत कुणी झाडू पाठवला नाही, आणि आज एकदम साफसफाईची आठवण झाली.

तुम्हाला यातलं कळत नाही म्हणता ना, मग सोपं करून सांगते, चहाही येईल तोवर. आपल्या वेबसाइटवर एक फॉर्म आहे – नाव, वय, फोन, डोळ्याला काय होतंय ते, आणि कुठल्या डॉक्टरने पाठवलं. तो भरून बटण दाबलं की सर्व्हरवर एक छोटा प्रोग्राम चालतो. तो काय करतो? अर्ज आधी एका तात्पुरत्या फोल्डरात टाकतो, मग माणसाला दाखवतो, ‘धन्यवाद, आम्ही आपल्याशी संपर्क साधू’, आणि मग तो अर्ज तपासणीच्या यादीत चढवतो. त्याच क्रमाने, बरं का. धन्यवाद आधी, काम मागून – माणसंही अशी असतात, प्रोग्रामला काय नावं ठेवायची. आता मध्येच प्रोग्राम कोलमडला तर? तर त्याने ओरडायला पाहिजे. ओरडायच्या दोन जागा: एक पडद्यावर, सगळ्यांसमोर, दुसरी गुपचूप एका फाईलीत, माझ्यासाठी. उद्घाटनाच्या दिवशी, तीन वर्षांपूर्वी, मोठ्या सभागृहात भिंतीएवढ्या पडद्यावर थोरल्या डॉक्टरांनी पाहुण्यांपुढे पहिला अर्ज भरला – आपले संचालक हो, थोरले डॉक्टरच म्हणतो आम्ही त्यांना – आणि वरच्या कोपऱ्यात दोन ओळींची एक इंग्रजी सूचना उमटली. एवढीशी! काही अडलं नव्हतं तिच्यावाचून. पण पाहुण्यांत कुणीतरी हसलं. थोरले डॉक्टर लालबुंद. दुपारी खाली आले, इथेच उभे राहिले, तुम्ही आहात तिथे, आणि म्हणाले, ‘पुन्हा पडद्यावर असलं काही दिसलं तर तुम्ही इथे दिसणार नाही.’

मग मी पडद्यावरचं ओरडणं बंद केलं. ते चुकलं का? अजिबात नाही. घरातली भांडणं लोकांना कशाला दाखवायची? कुणीही जाणतं माणूस पडद्यावरचं बंदच ठेवतं. पण म्हणून फाईलीतलं चालू ठेवायचं, आणि तेही मी चालू केलं होतं, लिहून घ्या – नीट जागा नेमून दिली, फोल्डर केलं, फाईल केली, सेटिंगमध्ये तिचा पत्ता लिहिला. मग? मग गंमत अशी की ते फोल्डर मी केलं माझ्या अधिकारात, म्हणजे या सर्व्हरवर जो सगळ्यांचा बाप असतो त्याच्या नावाने. आणि वेबसाइटचे प्रोग्राम चालतात एका गरीब बिचाऱ्या वेगळ्या नावाने, त्याला त्या फोल्डरात पाऊल टाकायची परवानगीच नाही. रखवालदाराला सांगायचं, काही झालं तर वहीत लिही, आणि वही कपाटात घालून किल्ली आपल्या कमरेला! तो रोज रात्रंदिवस येऊन कपाट हलवून जातो, आणि वही कोरी. आमच्यात एक रीत आहे साहेब, नवीन लॉग लावला की आधी मुद्दाम एक चूक करायची. खोटी. प्रोग्राममध्ये काहीतरी वेडंवाकडं लिहायचं, चालवायचं, आणि फाईलीत ओळ उमटली का ते बघायचं. दोन मिनिटांचं काम. ते मी केलं नाही. वरून तीनदा निरोप आला होता, फोटोला चला.

आणि कोरी वही काय सांगते? सगळं आलबेल! दर महिन्याला वर कळवायचं असतं, वेबसाइटवर किती चुका झाल्या. शून्य. पुढच्या महिन्यात? शून्य. दोन वर्षं शून्य! मागच्या वर्षी वार्षिक समारंभात मला व्यासपीठावर बोलावून प्रमाणपत्र दिलं – ‘त्रुटीरहित सेवा.’ ते बघा, स्विचबोर्डाच्या वर. टाळ्या वाजल्या, शाल दिली. मला तेव्हाच खरं म्हणजे –

काही नाही. चहा घ्या, आला बघा. थंड होतो इथे लगेच.

तर मागच्या मंगळवारी काय झालं, गेटवरचे काका एका माणसाला घेऊन खाली आले. साठीच्या पुढचा, शिंपी, गळ्यात टेप तसाच. म्हणाला, ‘बाई, मी अर्ज केला होता चार महिन्यांमागे. तुमच्याकडून धन्यवाद आलं होतं. मुलीने फोनमध्ये फोटो काढून ठेवलाय.’ आणि खरंच, आमचाच धन्यवाद, तारखेसकट. चार महिने तो माणूस फोन वाजायची वाट बघत बसला हो. म्हणाला, मोठं हॉस्पिटल आहे, नंबर लागत असेल, मध्येच विचारायला गेलं तर रागावतील. वर पाठवला, तपासला. काचबिंदू. डावा डोळा गेला. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, तुम्हाला ठाऊक असेल, हॉस्पिटलच्या मुख्य कार्यालयात बसता म्हणजे ठाऊक असेलच. चार महिन्यांपूर्वी आला असता तर थेंबांवर भागलं असतं असं वरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. माझ्यासमोर म्हणाल्या. शिंप्याने विचारलं काय, तर ‘सुईत दोरा ओवायला एक डोळा पुरतो ना?’

तो गेला आणि मी इथे येऊन फोल्डरची मालकी बदलली. एक ओळ टाइप करावी लागते. एकच! मग मुद्दाम चूक केली, तीन वर्षांपूर्वी करायची ती – उमटली. मग तात्पुरत्या फोल्डरात अडकलेले अर्ज एकेक करून पुन्हा चालवले, तर खरी पडली. मग दुसरी. बघा, सगळ्या एकाच जातीच्या: अर्जाचा प्रोग्राम, ओळ अठ्ठ्याऐंशी. ओळ अठ्ठ्याऐंशीवर काय आहे? ‘कुठल्या डॉक्टरने पाठवलं’ – त्या डॉक्टरचं नाव यादीत शोधणं. रकाना कोरा असेल तर शोधणार काय, कप्पाळ? तिथे प्रोग्राम मरतो. म्हणजे ज्यांच्या हातात कुणाची चिठ्ठी होती ते सगळे व्यवस्थित पोचले. ज्यांना कुणीच पाठवलं नव्हतं, आपलं आपण दिसेनासं झालं म्हणून फॉर्म भरला, त्यांचे अर्ज त्या तात्पुरत्या फोल्डरात पडून राहिले. मोजले मी. दोनशे तेरा.

दोनशे तेरा, साहेब. आणि तुमच्या कागदावर ‘कोणत्याही रुग्णाचे नुकसान झालेले नाही.’ तुम्ही विचारलंत कुणाला?

हो, हो, ऐकतेय. प्रोग्राम लिहिला तो बाहेरचा ठेकेदार. तो कामधंदा गुंडाळून केव्हाच गेला, पत्ता नाही. त्याच्यावर टाका, असंच ना? मेलेल्याच्या डोक्यावर खापर फोडायला काय जातंय, तो काही उठून भांडत नाही! पण तो ठेकेदार जिवंत आहे, कुठेतरी असंच काहीतरी लिहीत असेल, आणि ओळ अठ्ठ्याऐंशी त्याची असली तरी कोरी फाईल माझी. त्याची चूक एक दिवसात पकडली गेली असती. चुका काय, होतातच, प्रोग्राम लिहिणारा माणूस आहे – त्या ऐकू याव्यात म्हणून तर मला ठेवलंय. मी दुरुस्तही केली ती ओळ, मंगळवारीच, रकाना कोरा तर कोरा, चढव यादीत. चार शब्द लागले.

पुसू? का पुसू? उलट ऐका, मी छापली आहे. फाईल आणि दोनशे तेरा नावं, दोन प्रती. एक वरच्या डॉक्टरबाईंकडे आहे, त्यांनी रोज सकाळी आठ ते नऊ वेळ मोकळी केलीये या लोकांसाठी, थोरल्या डॉक्टरांना न विचारता. दुसरी उद्या समितीच्या हातात मी देणार. अशा डोळे वटारून बघू नका, चष्मा खाली येतो तुमचा. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत म्हणून सांगताय? मला मोजता येतं. घरी यजमान तेच म्हणतात, ‘झाकली मूठ सव्वा लाखाची, तू का उघडतेस?’ म्हटलं, मुठीत दुसऱ्याचे डोळे आहेत हो.

काय? प्रमाणपत्राचं सांगताना ‘तेव्हाच’ म्हणाले, ते काय? कधी म्हणाले मी?... म्हणाले होय. कान तिखट आहेत तुमचे. मला वाटलं चहाबरोबर गेलं.

बरं. लिहा मग, पेन काढलंच आहे. प्रमाणपत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती फाईल उघडून बघितली. उगाच, हौसेने, आपलं शून्य बघायला. आकार शून्य. शेवटचा बदल – उद्घाटनाचा दिवस. अहो, दोन वर्षांत एकही ओळ नाही? घरातला नळसुद्धा दोन वर्षांत एकदा तरी ठिबकतो! ज्याने हे काम चार दिवस केलंय त्यालाही कळेल की असं नसतं. मला कळलं. लगेच कळलं. मालकी बघायची, बदलायची, एक ओळ. आणि मी काय केलं? खिडकी बंद केली. त्या दिवशी नणंद जेवायला यायची होती. वीस वर्षं ही बाई चारचौघांत म्हणत आली, ‘वहिनी काय, कॉम्प्युटर चालू-बंद करते,’ आणि यजमानांनी प्रमाणपत्र चौकटीत बसवून मधल्या खोलीत लावलं होतं, तिला दिसेल असं. तिने वाचलं. मोठ्याने वाचलं. म्हणाली, ‘वहिनी, हे मला माहीतच नव्हतं गं.’ त्या एका वाक्यासाठी मी ती फाईल कोरी राहू दिली. उद्या बघू, उद्या बघू. मग ते प्रमाणपत्र इथे आणून लावलं – घरी जेवताना समोर यायचं.

त्यानंतर किती अर्ज अडकले, तेही मोजलंय. एकोणनव्वद. शिंपी त्यातलाच. आधीचे एकशे चोवीस चुकीने गेले म्हणा, हे एकोणनव्वद चुकीने नाही गेले. लिहिलंत? का थांबलात? लिहा ना. तुमच्या कागदात हे बसत नाही, हो ना? मग कागद बदला. मी काय बदलू!

परवापासून मी फोन करतेय, यादीवरून, एकेकाला. एक्केचाळीस झाले. काहींनी दुसरीकडे दाखवलं. एकाच्या मुलाने आईबहिणीवरून शिव्या दिल्या, ऐकून घेतल्या, फोन नाही ठेवला. एका बाईने मला धन्यवाद दिले – ‘इतक्या दिवसांनी का होईना, आठवण ठेवलीत.’ त्या शिव्या परवडल्या, खरंच सांगते. वर तुमचे फोन येतात मध्येमध्ये, लाइन अडवतात. आज सकाळपासून तुमच्यापायी पाचसुद्धा झाले नाहीत.

तेव्हा हा घ्या तुमचा कागद. नाही करत सही. शिपायाकडून पाठवा, थोरल्या डॉक्टरांना स्वतः खाली पाठवा, मी इथेच आहे. काढून टाका म्हणावं, पण उद्या समिती येऊन गेल्यावर, आणि यादी संपल्यावर. सर्व्हरचा पासवर्ड माझ्याकडे आहे आणि तो मी डॉक्टरबाईंना सोडून कुणालाही देणार नाही. हेही लिहा, उद्धट म्हणून लिहा.

थांबा, हा फोन लागला. – हॅलो? नमस्कार, डोळ्यांच्या हॉस्पिटलमधून बोलतेय. आजी बोलताय का? तुम्ही फॉर्म भरला होतात. – नातवाने, हो, हो. दहा महिने झाले. – नाही आजी, नंबर लागला नव्हता म्हणून नाही. अर्ज आमच्याकडे पडून होता. चूक आमची – माझी. मीच बोलतेय, माझीच. – दिसतंय का आता? – दोन्हींनी? – बरं. बरं, रडू नका. उजव्याने दिसतंय ना, मग तो उजवा घेऊन उद्या सकाळी आठला या, मी स्वतः गेटवर उभी राहते. – नाही, चिठ्ठी नको कुणाची. – एक मिनिट हं आजी. – अहो साहेब, तुम्ही अजून बसलाच आहात? उठा, ते स्टूल लागणार आहे मला, उद्या आजींना गेटवर बसायला. जा.