बंद शाळेच्या वार्षिकांकाला गुण किती?

...न्हाई, पण मी काय म्हणतो, शाळाच बंद होती तर स्नेहसंमेलनाचे वीस गुण द्यायचे कुणाला? दाराच्या कुलपाला? तुमाला सांगतो, लय बेजार केलं ह्या वार्षिकांक स्पर्धेनं. तालुका समितीचे अध्यक्ष चंद्रभान सर घरी आले, अंकांचा गठ्ठा माझ्यापुढं आदळला आन म्हणाले, "शिवकांत गुरुजी, तुमी रिटायर माणूस, निवांत तपासा. फक्त निकष पाळा. निकष म्हंजे निकष." आन निकष कोणते? खेळ, स्नेहसंमेलन, सहल. कोरोनाच्या आधीचा कागद, जसाच्या तसा. अहो, पोरं घरात, मास्तर घरात, मैदानात शेळ्या चरायल्या, आन ह्यांना सहलीचा फोटो पायजे.

पहिला अंक उघडला. शहरातलं मोठं विद्यालय, कागद असा गुळगुळीत की बोट घसरतं. आत स्नेहसंमेलनाचा भला मोठा फोटो, सगळे मास्क लावून. म्हटलं, टाळेबंदीत ह्यांचं संमेलन झालं कसं? चष्मा पुसून बघतो तर... स्टुडिओवाल्यानं जुन्याच फोटोवर कंप्युटरनं मास्क चिकटवलेले. पोरांना मास्क, सरांना मास्क, मागच्या सरस्वतीलाबी मास्क, वीणा वाजवायलीय बिचारी. आन मधोमध शाल घेतलेला पाहुणा कोण? मी. तवा माझ्या डोक्यावर केस होते, त्यावरून साल ओळखा. लगेच चंद्रभान सरांना फोन लावला. ते म्हणाले, "फोटो हाय ना, गुरुजी? मग द्या गुण. निकष म्हंजे निकष."

दुसरा अंक गंगाखेडच्या पलीकडच्या जिल्हा परिषद शाळेचा. हातानं लिहिलेला, दोऱ्यानं शिवलेला. संपादक कोण, तर सातवीतली राणी. तिनं सरळ लिहून टाकलंय, 'यंदा स्नेहसंमेलन झाले नाही. खेळ झाले नाहीत. सहलीला आम्ही ऊसतोडीच्या ट्रॅक्टरमध्ये गेलो.' मग पोरांनी एकेकानं लिहिलेलं... फडावरच्या कोपीत, म्हंजे पाचटाच्या झोपडीत, पाणी कसं शिरलं, मोबाईलला रेंज यावी म्हणून भरल्या गाडीवर चढून अभ्यास कसा केला, मोळ्या बांधता बांधता पाढे कसे म्हटले. पार शेवटचं पान वाचूनच उठलो. सहलीला वीसपैकी वीस दिले.

तर चंद्रभान सर कागद घेऊन परत दारात. "गुरुजी, ही सहल कशी? पालकांचं संमतीपत्र कुठाय?" म्हटलं, अहो, पालकच ट्रॅक्टरात बसलेले की, संमती कुणाची आणू? तर म्हणतात, "ते मला नका सांगू. निकष म्हंजे निकष." खोडले वीसच्या वीस.

बरं, मी तिथंच सोडून दिलं असतं. पण राणीच्या शिक्षिका वैजयंती मॅडम भेटल्या. म्हणाल्या, "गुरुजी, राणीच्या आज्जीनं, गोजरबाईनं, शब्द दिलाय. अंकाचा नंबर आला तर यंदा पोरगी तिच्यापाशी राहणार, शाळा शिकणार. न्हाई आला तर दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळीसंगं फडावर." आता बोला. मला वाटायलं मी गुण देयलोय, आन इथं पोरीचं सगळं साल माझ्या पेनात. मग मी समितीत भांडलो, चहा गार होऊन वर साय धरली तरी भांडलो. काय झालं? मास्कवाले पहिले. राणीला उत्तेजनार्थ, तेबी म्हणे "तुमच्या वयाकडं बघून." का, तर निकष म्हंजे निकष.

निकाल घेऊन मीच गेलो तिच्या गावाला. गोजरबाई उंबऱ्यावर बसलेली, राणी तिच्यामागं उभी, माझ्या तोंडाकडं बघायलेली.

"आला का नंबर, मास्तर?"

"उत्तेजनार्थ आलंय, मावशी."

"ते कितवं असतंय?"

आता काय सांगू हिला? खरं सांगितलं तर पोरगी ट्रॅक्टरात. म्हणालो, "मावशी, त्याला नंबरच नसतो, एवढं मोठं असतंय ते."

म्हातारी हरखली. राणी राहिली. मला वाटलं, सुटलो एकदाचा.

पण गोजरबाई गप बसती का? गावभर सांगत सुटली. टोळी निघायच्या आदल्या दिवशी माझ्या अंगणात ही बायांची गर्दी, एकेकीनं आपापली पोरगी पुढं केलेली. "गुरुजी, आमच्या पोरीलाबी ते बिननंबराचं द्या, म्हंजे ठेवतो घरी." म्हटलं, बायांनो, असं वाटता येत न्हाई ते. तर त्यातली सुलाबाई म्हणती कशी, "का हो? आमची पोरगी काय कमी मोळ्या बांधती?"

आत गेलो, कोरे कागद काढले आन बसलो प्रमाणपत्रं लिहीत.